मापाचा ब्लाऊज

दुपारी तीनच्या सुमाराला मास्तरांचा फोन आला. "ताई, कापड टाकून गेलात, मापाचा ब्लाऊज कुठं हाय? नुसतं कापड बघून मी काय शिवू?"

मी कपाटासमोर बैठक मारली. मे महिना. पंखा फिरत होता आणि गरम वारा सगळीकडं सारखा वाटत होता. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, इथं पूर्वी पंखे लागायचेच नाहीत, हे वाक्य आमच्या घरात दर उन्हाळ्यात एकदा तरी बोललं जातं. बोलणारा तेव्हा पंख्याखालीच असतो. वरचा कप्पा झाला, खालचा झाला, साड्यांच्या घड्या उलगडल्या, लोखंडी ट्रंकेतल्या वाकळा बाहेर आल्या. ब्लाऊज तीस-पस्तीस निघाले. मापाचा नव्हता.

एवढे ब्लाऊज असताना त्यातलाच एक का देत नाही, असं विचारणारा माणूस बहुतेक पुरुष असतो. कपाटातल्या एकाचा मुंडा काचतो. दुसऱ्याचा गळा खांद्यावरून उतरतो. तिसऱ्याला मास्तरांनी न विचारता पाठीवर नाडी आणि नाडीला गोंडे लावलेले असतात, आणि ते गोंडे खुर्चीला टेकलं की टोचतात. अशा ढिगात एखादाच असा जमून येतो की तो अंगात आहे हे संध्याकाळपर्यंत आठवत नाही. मग त्याचं घालणं बंद होतं. बिचाऱ्याला बढती मिळते.

आमचा मापाचा ब्लाऊज गर्द हिरव्या खणाचा आहे, गुळेदगुड्डचा खण, काठ लाल. कटोरी, साधा गोल गळा, बाही कोपराच्या वर तीन बोटं. २००९ साली आक्काच्या साखरपुड्यासाठी शिवला. त्या वर्षी आम्हा दोघींचं माप एकच होतं, तिच्यात-माझ्यात तीन वर्षांचं अंतर असूनही. साखरपुड्याला तिनं घातला, लग्नाच्या हळदीला मी. तेव्हापासून तो दोघींचा. आक्का निपाणीला, मी इथं, आणि ब्लाऊज दोन्हीकडं.

फोन लावला. "आक्का, मापाचा ब्लाऊज तुझ्याकडं हाय काय गे?"

"माझ्याकडं कुठला? दिवाळीला तूच न्हेलीस की."

"दिवाळीला न्हेलो, संक्रांतीला परत दिलो."

(आम्ही बेळगावच्या बायका बोलताना 'मी आलो', 'मी न्हेलो' असंच म्हणतो. लिहायला बसलं की 'आले', 'गेले' होतं. पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच दिवशी 'मी आंघोळ करून आलो' म्हणाले आणि खोलीतल्या दोघी दाराकडं बघायला लागल्या.)

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज, मग हँगर सरकल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, "हाय बघ. माझ्या मास्तरांनी कालच परत दिला. पिशवीतच होता." सापडल्यावर तिच्या आवाजात अपराध कधीच नसतो. उलट आपणच काहीतरी मिळवून दिलं असा सूर असतो.

लहानपणी आम्हा दोघींचं सगळं एकाच ताग्यातून निघायचं. परीक्षा संपली की आई आम्हाला खडेबाजारात न्यायची. दुकानात गादीवर बसून ती ताग्यामागून तागे उलगडायला लावायची. आम्ही काठाशी पाय हलवत बसायचो. शेवटी ती हमखास पहिलाच तागा पुढं ओढायची आणि म्हणायची, "ह्यातलंच द्या, दोघींचं होतंय." मग दुकानदाराशी कन्नडमधून घासाघीस. आईचं कन्नड तेवढ्यापुरतंच होतं. 'स्वल्प कडिमी माड्री' आणि एकापासून शंभरापर्यंतचे आकडे. तेवढ्यावर तिनं संसार केला.

एका कापडाचे दोन फ्रॉक, एकाच बेताचे. घेर आत चार बोटं दुमडून टीप मारलेली, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतो. इथवर सगळ्यांच्याच घरी असं व्हायचं. पण धाकट्या बहिणीचा हिशेब कुणी मांडत नाही. माझा फ्रॉक मला दोन वर्षं. तो आखूड झाला की आक्काचा, तोच रंग, तीच फुलं, आणखी दोन वर्षं. पिवळ्या कापडावर जांभळी, वांग्यासारखी दिसणारी फुलं होती. दुसरीपासून सहावीपर्यंत मी त्या वांग्यांत होते. शाळेत रंगीत कपड्यांचा दिवस शनिवारचा असायचा. मला पुष्कळ वर्षं वाटायचं, शनिवारचा रंगच पिवळा-जांभळा आहे. पुढं त्या फ्रॉकाचे उशीचे अभ्रे झाले. अभ्रे विरले तेव्हा त्यातला एक तुकडा लोणच्याच्या बरणीला दादरा म्हणून बसला. म्हणजे कॉलेजला असतानाही जेवताना समोर वांगी होतीच.

आक्काला तो फ्रॉक आठवत नाही. खरंच आठवत नाही. "पिवळा? असंल बाई." तिच्या वाट्याला तो दोनच वर्षं आला. पिवळ्यावर जांभळं मी आजही विकत घेत नाही, समोर कुणी फुकट धरलं तरी. यात शहाणपण काही नाही, पण माणसाला एखादा हट्ट असावा.

आजीच्या वेळी एवढा प्रश्नच नव्हता. तिची लुगडी दोन, एक अंगावर आणि एक दोरीवर. आणि लुगडं घ्यायचं ते शहापूरलाच. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं आणि रस्ता ओलांडला की पटवर्धनांचं. आजी म्हणायची, "लुगडं घ्यायला आम्ही सांगलीच्या राज्यात जायचो," आणि चालत पाव तासात परत यायची. १९४८ साली संस्थान विलीन झालं, पण ती मरेपर्यंत 'शहापुरास जाऊन येतो' असंच म्हणायची, गावाला निघाल्यासारखं. आताही वडगाव-खासबागच्या गल्ल्यांतून दुपारी गेलं तर मागाचा आवाज येतो. पूर्वीइतका नाही. पूर्वी म्हणे त्या गल्लीत हळू बोलायची सोयच नव्हती.

आजीचं एक इरकल अजून आहे. आहे म्हणजे होतं, ते सांगते. इरकलाची गंमत अशी की अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा, आणि दोन्ही एकात एक अडकवून, फास घालत घालत जोडतात. त्याला कोंडी म्हणतात. अंग कुठल्याही रंगाचं असो, पदर लाल, त्यात पांढरे कळसासारखे दात. आजी गेल्यावर अंगाचं सूत विरलं, वाकळेला गेलं. पदर टिकला. तो ट्रंकेत होता, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

गेल्या उन्हाळ्यात आक्कानं तो पदर नेला आणि कापला.

तिला तेव्हा को-ऑर्ड सेटचं वेड लागलं होतं. एकाच कापडाचा ढगळ शर्ट आणि तशीच पँट. रोज दुपारी एक वाजता, जेवण झालं की, माझ्या मोबाईलवर तिचे फोटो यायचे. हा अजरखचा, हा मलमलचा, हा बिनअस्तराचा, हा बघ खिसेवाला. उन्हाळ्यात दुसरं काही अंगावर सोसतच नाही म्हणे. मी म्हटलं, अगं, आयुष्यभर एका ताग्याचे कपडे घातले, आता विकत घेऊन तेच घालू? पण पदर कापून तिनं त्या सुती शर्टाला पाठीवर योक लावला, खिशांवर ते पांढरे दात बरोबर उभे बसवले, आणि तो घालून माहेरी आली. आई दारातच म्हणाली, "रात्रीचे कपडे घालून बसमधनं आलीस?"

मी मात्र चिडले. आजीचा पदर कापायचा म्हणजे काय. आक्का म्हणाली, "ट्रंकेत ठेवून तू काय करत होतीस? पूजा?" मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा तिला विचारलं, "पुढच्या आठवड्यात मला एका ठिकाणी जायचंय. शर्ट ठेवून जातीस काय?" तिनं ठेवला. तो अजून माझ्याकडंच आहे, आणि तो तिनं मागितलेला नाही, म्हणजे ती काहीतरी मोठं मागणार आहे.

तर मापाचा ब्लाऊज. पूर्वी तो येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर यायचा. कुणी निपाणीहून निघालं की त्याच्या पिशवीत आमची पिशवी. एकदा तो तंबाखूच्या व्यापारातल्या एका पाहुण्यांच्या गाडीतून आला आणि पंधरा दिवस त्याला जर्द्याचा वास होता. मास्तर शिवताना शिंकायचे. आता आक्का स्वतःच येते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या बसला तिकीट नाही. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात एसटीला बायकांचं अर्धं तिकीट झालं. निपाणी बरोबर मध्ये. इकडं यायला फुकट, कोल्हापूरकडं कागलच्या पुढं अर्धं. सीमेचा वाद मिटेल तेव्हा मिटो. आक्काची थोरली जाऊ कोल्हापूरची, आणि 'तुमच्यापेक्षा आमचं माहेर स्वस्त' हे तिला वर्षातून दोनदा ऐकावं लागतं.

गुरुवारी ती आली. संकेश्वरच्या पुढं वळीव लागला म्हणून अर्धी भिजलेली, पण ब्लाऊज प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स पोटाशी. तिनं तो कॉटवर पसरला. बाहीच्या घडीवरचा हिरवा उडून पोपटी झालाय, हुकांपैकी दोन मुळातलेच, बाकी बदललेले. काखेत मात्र एक टाका उसवलेला नाही.

आई खुर्चीतून बघत होती. "इतकी वर्षं नुसता नाचवताय. एकदा घालून तर बघा."

"माप घालून बघायचं नसतं," आक्का पटकन म्हणाली.

"नाही तर काय," मी म्हटलं. आम्हा दोघींचं इतक्या लवकर एकमत सहसा होत नाही.

संध्याकाळी मास्तरांकडं दोघी गेलो. मावसभावाचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. आक्काही लग्नाकार्याचे ब्लाऊज इथंच टाकते, रोजचे तिकडं. मास्तरांचं दुकान म्हणजे दोन मशिनं आणि एक फळी. मशिनवरच्या पोराशी ते कन्नडमध्ये बोलतात, आमच्याशी मराठीत, रेडिओ हिंदी. वहीत मापं लिहितात ती मुंडा, बाही, कंबर अशी. फक्त गळ्याच्या रकान्यात 'डीप' असतं. या शब्दावर दोन्ही भाषांचं एकमत आहे आणि दोन्हीकडच्या सासवांचा विरोध.

"बाही ह्याचीच धरा," मी सांगितलं. "गळा जरा वर. आणि उन्हाळा हाय, अस्तर नको."

"अस्तर नको तर कापड पारदर्शक हाय," मास्तर म्हणाले.

"मग घाला."

त्यांनी खणाचा ब्लाऊज फळीवर उताणा घातला, हातानं सारखा केला, टेप लावली. छाती, कंबर, मुंडा. आकडे लिहिले. मग त्या आकड्यांखाली, माझ्या पानावर एक बारीक खूण केली आणि आक्काच्या पानावर दुसरी. मी वाकून बघितलं.

"हे काय?"

"ते आमचं," मास्तर म्हणाले. "माप हाय तसं लिहायचं. शिवताना आक्कांचं दोन इंच सोडतो, तुमचं दीड. सात-आठ वर्षं झाली की. त्याच्या आधी एक-एक सोडत होतो."

आक्का मशिनकडं बघायला लागली. पोरगं खाली मान घालून काज करत होतं.

"मग मास्तर, दर वेळी हा ब्लाऊज मागवता कशाला?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला. त्यांना प्रश्नच कळला नसावा. "मापाशिवाय कसं शिवणार ताई?"

परत येताना आम्ही काही बोललो नाही. कोपऱ्यावर आक्कानं गजरे घेतले, माझे पैसेही तिनंच दिले. तिचं दोन, माझं दीड, एवढं मी मनात पक्कं करून ठेवलं. कधी लागलं तर असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निपाणीला गेली. ब्लाऊज घेऊनच गेली. तिकडच्या मास्तरांनाही मापाशिवाय शिवता येत नाही.