सवाईत आधी तानपुरा ऐकायचा

सवाईचा, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा, विषय निघाला की लोक आधी गायकांची नावं घेतात. भीमसेनजी, गंगूबाई, फिरोज दस्तूर, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई. मग राग निघतात, मग पहाटेचा चहा. प्रत्येक मैफलीआधीच्या त्या पाच-दहा मिनिटांची आठवण मात्र फारसं कोणी काढत नाही. निवेदन संपलेलं असे, कलाकार मागे वळून तानपुऱ्याच्या खुंट्या पिळत असे आणि मांडवात नवखे श्रोते चुळबुळत असत. जाणकार तेव्हाच गप्प होत. आजची बैठक कशी होणार याचा अर्धा अंदाज तिथेच येई.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर १९५२ साली गेले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने गुरूची पुण्यतिथी म्हणून हा उत्सव सुरू केला. म्हणजे पाया किराणा या गायकीच्या घराण्याचा, आणि किराण्यात स्वर आधी, बाकी सगळं नंतर. विलंबित, म्हणजे संथ एकतालाचं एक आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी, चाळीस-पन्नास सेकंद चालतं. तेवढ्या अवकाशात गायक एकाच निषादावर थांबला, तर मागचा तानपुरा केसभर उतरलेलाही चालत नाही. द्रुत तानेत लपणारी चूक तिथे उघडी पडते.

लावायचा क्रम ठरलेला. मधल्या दोन तारा म्हणजे जोड, त्या आधी. दोन्ही षड्ज एकमेकांत मिसळले नसतील तर स्वरात लाटा येतात. लाटा जितक्या संथ, तितक्या तारा जवळ. लाट थांबली की जोड लागला. मग खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची जाड तार, मग पहिली तार. पहिल्या तारेचा स्वर रागावर ठरतो: एरवी पंचम, मालकंसाला मध्यम, आणि मारवा, पूरिया अशा पंचम वर्ज्य असलेल्या, म्हणजे पंचम न लागणाऱ्या रागांना बहुधा निषाद. शेवटी जवारी, म्हणजे तारेचा झणकार. तारा ज्यावर टेकतात ती घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवत न्यायचा, एका जागी तार अचानक खुलते आणि झणकारते. दोरा त्या जागेच्या थोडा पुढे गेला तर आवाज पत्र्यासारखा होतो, मागे राहिला तर मुका. बारीक फरक तारेतल्या मण्यांनी काढायचा. खुंटी त्यासाठी फार ठोकळ.

चारही तारा बरोबर लागल्या की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. हाच स्वयंभू, आपोआप उमटणारा गंधार. पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्टीवरचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून यमनात किंवा भूपात गायक गंधारावर बसला की चांगला पेटीवाला हात हलका करतो, कधी तो स्वर सोडूनच देतो. गंगूबाईंच्या साथीला ऐकताना हे फार लक्षात येई. त्यांचा आवाज भरदार, जवळजवळ पुरुषी. स्वर सरळ, आवाजाला हेल न देता लावलेला. मागे कृष्णाबाई हनगळ. आईचा श्वास संपायच्या आत लेकीने तोच स्वर उचलायचा आणि पुढे जाऊ न देता धरून ठेवायचा. साथीच्या गाण्याचं याहून चांगलं शिक्षण शोधून सापडणार नाही.

डिसेंबरातला उघडा मांडव ही वाद्यांची परीक्षाच. थंडीने पोलादी तार आकसते, ताण वाढतो, स्वर चढतो. दवाने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, स्वर उतरतो. दोघं विरुद्ध दिशांना निघालेले. त्यात तानपुरे ग्रीनरूममधून दिव्यांच्या झोताखाली आले की तारा तापून उतरतात. आत नीट लावून आणलेली जोडी बाहेर पुन्हा लावावी लागते ती याच कारणाने, कलाकाराच्या लहरीने नव्हे. किशोरीताईंवर या बाबतीत पुष्कळ टीका झाली. त्यांच्या मांडीवर स्वरमंडल हे छोटं तंतुवाद्यही असे, आणि त्याच्या तीसेक तारा त्या रागाच्या स्वरांत लावायच्या म्हणजे वेळ लागणारच. पण एकदा सगळं जुळलं की पहिल्याच आलापात राग समोर उभा राही. थांबणाऱ्याचा तोटा झाला नाही.

मन्सूरअण्णांची तऱ्हा वेगळी. जयपूरची गायकी, लांब आलापी नाही, बंदिश लगेच हातात आणि लय घट्ट. बहादुरी तोडीसारखा अनवट, क्वचित गायला जाणारा राग ते ओळखीचा असल्यासारखा गात. दस्तूरांकडून मात्र श्रोत्यांना ठरलेलीच गोष्ट हवी असे: अब्दुल करीम खाँसाहेबांची 'गोपाला मेरी करुणा'. फर्माईश जुनीच, आणि तिचा कंटाळा आल्याचं कोणी कधी बोललं नाही.

तानपुरा वाजवणाऱ्या शिष्यांकडेही बघत जावं. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तर्जनीने, नखाने नव्हे, बोटाच्या बाजूच्या मांसल भागाने. जोरात ओढली तर तार सुरुवातीला चढी बोलते. आणि छेड तबल्याच्या लयीत जाऊ द्यायची नाही; ती लयीत अडकली की गायकाचं लक्ष दर मात्रेला ओढलं जातं. दमलेला, झोपाळलेला शिष्य पहाटे तीनला हमखास तिथेच घसरायचा.

पहाट म्हणायची ती आता राहिली नाही. ध्वनिक्षेपकांना रात्री १० नंतर बंदी आली आणि रात्रभराची सत्रं गेली; जादा परवानगी मिळाली तरी ती १२ पर्यंत. दरबारी, अडाणा ऐकत ललत-भटियारपर्यंत पोचणं संपलं. नियम चुकीचा नाही, शेजारी माणसं राहतात. सत्रं दुपारी सुरू होऊ लागल्यामुळे मुलतानी, मधुवंती, पटदीप यांना पूर्वी न मिळणारी जागा मिळाली, हेही खरं. तरी ललताचे दोन मध्यम उजाडताना ऐकायची सवय लागलेल्यांना दुपारचा मुलतानी ही भरपाई वाटत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे.

त्यातल्या बऱ्याच जणांचं जुनी ध्वनिमुद्रणं आज पोरांनी मोबाइलवर लावली की बिनसतं. कारण साधं आहे. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुषाचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा. मोबाइलचा चिमुकला स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. मग गायक पुढे ओरडतोय आणि मागे काहीतरी किणकिणतंय एवढंच उरतं. बरे हेडफोन लावावेत, आवाज मध्यम ठेवावा आणि तानपुरा जुळवतानाचा भाग पुढे ढकलू नये. बरीच मुद्रणं तो भाग कापूनच येतात. ज्यात तो शिल्लक आहे, ते आधी ऐकावं.