मीटर उलटं फिरलं तेव्हा

मीटरची तबकडी उलटी फिरताना पाहणीला आलेल्या साहेबांनी पाहिली आणि आमच्या केंद्राचा निकाल तिथेच लागला.

तिरुवनंतपुरमजवळ विझिंजमला लाटांवर वीज करणारं १५० किलोवॅटचं केंद्र १९९१ मध्ये सुरू झालं. तिथे मी जनरेटर सांभाळायचो. समुद्रतळावर टेकवलेली काँक्रीटची पोकळ पेटी, म्हणजे केसॉन. लाट आत शिरली की पाणी चढतं आणि वरची हवा टर्बाइनमधून बाहेर पडते. लाट ओसरली की हवा आत ओढली जाते. तरी टर्बाइन एकाच दिशेला फिरतं, कारण त्याची पाती दोन्ही अंगांनी सारखी. हवेची दिशा बदलणाऱ्या झडपांची गरजच नाही! प्रा. अ‍ॅलन वेल्स यांची ही कल्पना मला आजही थोर वाटते.

पण प्रत्येक लाटेत हवा दोनदा थबकते, तेव्हा वीज शून्यावर येते. आमचा इंडक्शन जनरेटर थेट ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला जोडलेला. हवा मंदावली की तोच मोटर होऊन टर्बाइन फिरवायचा, ग्रिडची वीज घेऊन, आणि मीटर उलटं फिरायचं. पावसाळ्यातल्या लाटांत जमेची बाजू जड असायची. साहेब मात्र जानेवारीत आले, समुद्र सपाट असताना.

"हे वीज देतं की खातं?"

मी जून-जुलैचे लॉगशीट पुढे ठेवले. पान न उलटता त्यांनी विचारलं, "युनिट कितीला पडतं?"

प्रश्न रास्त होता, पण एकुलत्या एका केसॉनला तो विचारून काय कळणार? यात मोठा खर्च समुद्रातल्या काँक्रीटचा. सौरऊर्जेला देशाने २०१० मध्ये २०,००० मेगावॅटचं लक्ष्य दिलं, २०१५ मध्ये ते १,००,००० केलं. इतकी मोठी मागणी कायम राहणार म्हटल्यावर दर उतरले. आमच्या वाट्याला दुसरा केसॉनही आला नाही, आणि २०११ च्या सुमारास पहिलाही बंद झाला.

त्याच वर्षी स्पेनमध्ये मुत्रिकूला याच तत्त्वावर २९६ किलोवॅटचं केंद्र सुरू झालं, १६ छोट्या टर्बाइनचं. बंदराला ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी भिंत, बांधायचाच होता, त्याच भिंतीत त्यांनी हवेच्या कोठड्या ठेवल्या. काँक्रीटचा बराचसा खर्च बंदराच्या खात्यात गेला.

विझिंजमलाही आता बंदर झालंय. त्याचा सुमारे ३ किलोमीटरचा ब्रेकवॉटर दगड आणि काँक्रीटचे ठोकळे रचून बांधला. त्यातले शंभर मीटर तरी कोठड्यांसाठी मागायला हवे होते. कोठड्यांचा जादा खर्च तेवढा ऊर्जेच्या अंदाजपत्रकात धरायला हवा होता.