शेवटचा आकडा आणि पंप

पहाटे पाचला तलावपाळीवर सायकली लागायच्या आणि पहिलं काम असायचं मोजणी. रांगेतल्या प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने ओरडायचा. एक, दोन, तीन करत आवाज तळ्याच्या कडेने सरकत जायचा, मध्येच एखादा झोपाळू आपला नंबर विसरायचा, शिव्या खायचा, परत पहिल्यापासून. सगळ्यात शेवटी अण्णा. ते आकडा म्हणायचे आणि त्याला जोडून म्हणायचे, "आणि पंप!" की निघालो.

आमच्या मंडळाची २६ जानेवारीची सायकल सहल. गणपती, दहीहंडी, कोजागिरी हे सगळं मंडळ करायचंच, पण ते कुठलं मंडळ करत नाही? सायकल सहल मात्र आमची होती. ठाण्याहून वज्रेश्वरी, भिवंडीमार्गे चाळीसेक किलोमीटर, आणि संध्याकाळपर्यंत तेवढंच परत. अण्णांचा नियम एकच: पुढचा कुठवर पोचला हे कोणी विचारायचं नाही, मागचा कुठे आहे ते विचारायचं. प्रत्येक नाक्यावर थांबायचं, मोजायचं, मग पुढे.

सहलीला घ्यायचं की नाही हे डिसेंबरातल्या एका रविवारी येऊरवर ठरायचं. उपवनच्या तळ्यापासून येऊरच्या गेटाकडे चढ सुरू होतो. खाली तळ्याकाठी मंडळाच्या काकू थर्मास घेऊन बसलेल्या, वर जंगल, तेही राष्ट्रीय उद्यानाचंच. हा चढ जो न उतरता चढेल तो वज्रेश्वरीला येईल. सातवीत असताना मी दुसऱ्याच वळणावर उतरलो. सायकल थोरल्या भावाची, चोवीस इंची, सीटवर बसलं की पाय पायडलला जेमतेम टेकायचे, ही माझी बाजू. ती कोणी ऐकून घेतली नाही. मी रडवेला होऊन सायकल ढकलत वर पोचलो तेव्हा अण्णा म्हणाले, "येऊ दे ह्याला. माझ्याबरोबर मागे राहील. पंप धरायला कोणीतरी लागतंच."

अशी माझी नेमणूक झाली. मोठा, पायाखाली धरून मारायचा पंप. जुन्या ट्यूबच्या पट्टीने तो माझ्या कॅरियरला बांधला आणि त्या वजनाने माझी सायकल आणखीच हळू झाली.

पुढे जाणाऱ्यांनी काय पाहिलं ते मला माहीत नाही. त्यांचं लक्ष पुढच्याच्या मडगार्डवर असायचं. मागे असल्यामुळे मी मात्र रस्ता पाहिला. कशेळीच्या पुलावर खाडीतून धुकं वर यायचं आणि पुढच्या सायकली एकेक करून त्यात शिरायच्या, नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. अण्णा पुलाच्या मध्यावर हमखास उतरायचे, चेन बघायच्या निमित्ताने. चेनीला काही झालेलं नसायचं. मग भिवंडी. अंधारातच यंत्रमागांची खडखड सुरू झालेली असायची, बोळाबोळातून तो एकच आवाज, आणि दारात चहाचे ग्लास हातात घेऊन रात्रपाळीचे कारागीर आमची वरात बघत उभे. वंजारपट्टी नाका, मोजणी. नदीनाक्यावर कामवारी ओलांडली की शहर संपायचं. शेलारच्या पुढे भाताची कापलेली शेतं, पेंढ्याच्या गंजी, बांधाला वालाच्या शेंगा, आणि काटेसावरीला एकही पान नसताना आलेली लाल फुलं. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कोणी कागदाची बांधलीत की काय, असं मला वाटलं होतं.

ध्वजवंदन वाटेतल्या एका जिल्हा परिषद शाळेत. गुरुजींना आम्ही येणार हे ठाऊक असायचं, तरी आमची वाट पाहत थांबणं त्यांना शक्य नसे, झेंडा वेळेवरच जायचा. त्यामुळे अनगावच्या अलीकडे सगळ्यांची घाई आणि आम्ही दोघं मागे. दोनदा तरी असं झालंय की राष्ट्रगीत कानावर आलं तेव्हा मी आणि अण्णा शाळेबाहेर रस्त्यातच सायकल हातात धरून ताठ उभे. नंतर मुलांचं लेझीम, मंडळाकडून वह्यांचं वाटप, आणि आम्हाला त्यांच्याकडून कागदाच्या पुडीत बुंदी. ठाण्याच्या सार्वजनिक कार्यक्रमांत मी पुष्कळ गोडधोड खाल्लंय. त्या बुंदीची चव वेगळी होती, पण पंचवीस किलोमीटर पायडल मारल्यावर कशाचीही असते.

आमच्यात एक मास्तर होते, इतिहासाचे. दुगाड फाट्यावर त्यांचं भाषण ठरलेलं. डिसेंबर १७८० मध्ये ह्याच टापूत मराठे आणि इंग्रज लढले आणि मराठ्यांचे सेनानी रामचंद्र गणेश इथे पडले. मास्तर हात लांब करून गुमतारा किल्ल्याचा डोंगर दाखवायचे, फौजा कुठून कुठे सरकल्या ते पंपाच्या दांड्याने मातीत काढायचे. पोरं तोवर कातकरी बायांकडची बोरं संपवत. मास्तरांना ते दिसायचं. ते थांबत नसत.

ह्याच फाट्यावर मी माझं पहिलं पंक्चर काढलं. नववीतल्या एका ताईची सायकल, मागचं चाक बसलेलं. अण्णा म्हणाले, "तू काढ." स्टीलच्या चमच्यांचे दांडे घालून टायर एका बाजूने उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली. पाणी कुठून आणणार? जेवणाच्या टेम्पोतून पातेल्याचं झाकण आणलं, त्यात पाणी ओतलं, ट्यूब थोडी थोडी बुडवत गेलो आणि बारीक बुडबुड्यांची माळ सापडली. मला कोण आनंद! पुसलं, काचकागदाने घासलं, सोल्युशन लावून फुंकर मारली, जुन्या ट्यूबचा गोल तुकडा दाबून बसवला. सगळं अगदी सायकलच्या दुकानात पाहिलं होतं तसं. ताई बसली, शंभर पावलं गेली आणि चाक पुन्हा बसलं.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी टायर पुन्हा काढायला लावला, माझं बोट धरलं आणि टायरच्या आतल्या बाजूने हळूहळू फिरवलं. एका ठिकाणी टोचलं. बाभळीचा काटा, बाहेरून मोडलेला, आतून तांदळाच्या दाण्याएवढा वर आलेला. "ट्यूब नंतर. आधी हा," एवढंच बोलले. तोवर पुढची मंडळी अंबाडी नाक्यावर मोजणीसाठी खोळंबली होती. आम्ही पोचलो तेव्हा एकाने घड्याळ दाखवलं. अण्णांनी त्याला पुढच्या मोजणीत सगळ्यात मागे उभं केलं.

वज्रेश्वरीला बावन्न पायऱ्या. चाळीस किलोमीटर सायकल मारलेल्या पायांना त्या किती वाटतात ते ज्याचं त्यानेच जाणावं. वसई जिंकू दे, देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी ह्या देवीला केला आणि १७३९ मध्ये वसई मिळाली, असं सांगतात. देऊळ आहेही किल्ल्यासारखं, दगडी तट, दरवाज्यावर नगारखाना. पायरीवर कोरलेल्या कासवाला आम्ही पाया पडायचो. ते बिचारं आमच्यातलंच वाटायचं, मलातरी.

आणि मग अकलोलीची कुंडं. तानसा नदीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत, गंधकाचा वास पार रस्त्यापर्यंत येतो. जानेवारीच्या थंडीत, दुखऱ्या पोटऱ्यांनिशी त्या पाण्यात पाय सोडायचे. पहिल्यांदा चटका बसतो, ओरडून पाय बाहेर, मग परत थोडा, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग कोणी बोलेनासं होतं. पंधरा-वीस माणसं कुंडाच्या कठड्यावर ओळीने बसलेली आणि सगळी गप्प, हे दृश्य आमच्या मंडळात एरवी कधी दिसलं नाही. बैठकीत तर नाहीच. जेवायला पुरी, मटार-बटाट्याचा रस्सा, भात, आणि वर्गणी बरी जमली असेल त्या वर्षी श्रीखंड. काहीजण गणेशपुरीला नित्यानंद स्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन यायचे, बाकीचे झाडाखाली आडवे.

परतीचं फारसं आठवत नाही. दुपारचा खाडीवरचा वारा समोरून यायचा आणि कशेळीचा पूल सकाळच्या दुप्पट लांब व्हायचा, एवढंच.

इतर ठिकाणीही गेलो. एका वर्षी अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं. एकदाच चिरनेरला, जिथे २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. तिथून परतताना अर्धी पोरं सायकलींसकट टेम्पोत होती. घोडबंदर मात्र चार-पाचदा झालं. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, ही नावं आम्ही पायडलच्या ठेक्यावर म्हणायचो. डाव्या हाताला डोंगर, गायमुखला उजव्या हाताला अचानक खाडी उघडते, मग घाट, आणि घाट उतरल्यावर घोडबंदरचा किल्ला. आता पाड्यांच्या जागी टॉवर आहेत, डोक्यावर मेट्रोचे खांब, आणि कशेळी-काल्हेरला गोदामांमागे शेतं दिसत नाहीत. कंटेनरच्या भीतीने आम्ही चार वाजताच निघतो. पोरांकडे गिअरच्या सायकली, डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारे लाल दिवे. मला हे सगळं आवडतं, खोटं कशाला सांगू. त्या लाल दिव्यांमुळे कशेळीच्या धुक्यात माणसं दिसतात तरी.

पंप आता माझ्याकडे आहे. अण्णांचे गुडघे गेले, पण सहल चुकवत नाहीत. टेम्पोत, रश्श्याच्या पातेल्यांना टेकून, कानटोपी घालून बसतात. नाक्यावर मोजणी सुरू होते, आकडे मागे सरकत माझ्यापर्यंत येतात, मी माझा आकडा म्हणतो आणि थांबतो. मग टेम्पोच्या फाळक्यामागून त्याच्या पुढचा आकडा येतो. "आणि पंप!"