त्याची वही नेमकी कोणाची?

'माधवने सुनीलला त्याची वही परत दिली.' वाचणारा ही वही सुनीलची समजतो, पण ते 'परत'मुळे. तेवढा शब्द काढा, की वही माधवची, सुनीलची किंवा तिसऱ्याच कोणाची तरी होऊ शकते. माधवची असेल तर 'आपली' लिहावं. 'आपला' साधारणपणे कर्त्याकडे जातो. 'मीनाला आपल्या आईची आठवण आली' यातली आईसुद्धा मीनाचीच, 'ला' लागला म्हणून काही बिघडत नाही.

घोळ होतो तो एका वाक्यात दोन क्रिया आल्या की. 'माधवने सुनीलला आपल्या वडिलांना भेटायला सांगितलं.' सांगणारा माधव, भेटणारा सुनील, आणि 'आपल्या' दोघांनाही चिकटतं. इथे 'त्याच्या' घालूनही उपयोग नाही. बोलणंच जसंच्या तसं द्यावं: '"माझ्या वडिलांना भेट," असं माधवने सुनीलला सांगितलं.' मराठीला ही रचना सहज पेलते. बातम्या लिहिणारे ती इतकी का टाळतात कळत नाही.

'माधव म्हणाला, की सुनीलने आपल्याला फसवलं.' फसला माधव. 'स्वतःला फसवलं' लिहिलं तर सुनीलच. 'स्वतः' जवळच्या कर्त्याला धरतं, 'आपण' लांबच्या कर्त्यापर्यंतही पोचतं. मात्र 'आपल्याला'चा अर्थ 'तुम्हाआम्हा सगळ्यांना' असाही होतो. भाषणाच्या वृत्तांतात तर हा धोका कायमचाच. तिथे सरळ नाव लिहावं.

आदरार्थी बहुवचन आणखी वाईट. 'त्याचा' आणि 'तिचा' यांत चष्म्याचा मालक पुरुष की बाई हे तरी कळतं. 'काकूंनी आजोबांना सांगितलं, की त्यांचा चष्मा सापडला' यात तोही आधार गेला. 'आजोबांचा चष्मा सापडल्याचं काकूंनी त्यांना सांगितलं' असं फिरवलं की काम होतं: मालकाचं नाव आधी, सर्वनाम नंतर. नाव दोनदा आलं तरी चालेल, पण 'सदर व्यक्ती' नको. ती पंचनाम्यात शोभते.

कधी सर्वनाम गाळणंच बरं. 'माधव सुनीलला भेटला आणि घरी गेला' यात घरी माधवच गेला. 'आणि तो घरी गेला' म्हटलं की वाचणारा सुनीलकडेही बघू लागतो. खरोखर सुनीलच गेला असेल, तर 'तो'वर भिस्त न ठेवता 'आणि सुनील घरी गेला' असंच लिहावं.