वंशावळीतले रकाने

माणसांचं एक टेबल करायचं, त्यात आई आणि वडील असे दोन रकाने ठेवायचे, की झाला वंशावळीचा डेटाबेस. असं ज्याला वाटतं त्याच्या घरात दत्तक गेलेलं कोणी नसावं. नागपुरात तरी दत्तकाचा विसर पडू नये. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये पुत्राविना वारले आणि दुसऱ्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकाला न जुमानता राज्य खालसा केलं. म्हणून माझ्याकडे माणसं एका टेबलात, नाती दुसऱ्यात. नात्याच्या ओळीत पालक, मूल आणि प्रकार : जन्माचं, दत्तक, सावत्र. एका मुलाला दोन बाप लागले तरी डेटाबेस हूं की चूं करत नाही.

काका, मामा, आत्या, मावशी मात्र कुठेच लिहायच्या नाहीत. पालक आणि मूल एवढं नीट भरलं की बाकीचं गणगोत क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारून, काढता येतं. एकाच पायरीची पुन्हा पुन्हा आवृत्ती करत पिढ्या चढत जाणारी रिकर्सिव्ह क्वेरी १९९९ पासून एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या अधिकृत मानकातच आहे. मोठ्या आईला हे पटलेलं नाही. ‘अरे, मामाच नाही लिहिला, तं लिहिलं काय मग?’ त्यात आमच्याकडे एकाचं लग्न मामाच्याच मुलीशी झालेलं. त्यांच्या पोरांना पणजे-पणज्या मिळून आठ नाहीत, सहाच. त्यांतली दोघं क्वेरीला दोन वाटांनी भेटतात, आणि लक्ष नसलं तर दोनदा मोजली जातात.

नावांनाही वेगळं टेबल लागलं. बायकांचं माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि सगळे ज्या नावाने हाक मारतात ते तिसरंच.

पण खरी गंमत जन्मस्थळाची. नागपूरच्या महाल भागातलं एकच घर, एकच बाळंतिणीची खोली. आजोबा तिथे जन्मले तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं. मोठे बाबा झाले तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. १९५६ च्या नोव्हेंबरात ते मुंबई राज्यात गेलं, तेव्हा बाबा झाले. आणि आत्या १९६० नंतरची, म्हणजे थेट महाराष्ट्राची. खोलीतला पलंगही कोणी हलवला नव्हता. तेव्हा ठिकाणाच्या टेबलात गावाला राज्य जोडायचं तर ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हेही हवंच.

तारखांचं तर विचारूच नका. वंशावळींच्या देवाणघेवाणीसाठी मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये गेडकॉम नावाचा साचा काढला. त्यात तारखेमागे ‘सुमारे’, ‘अमुकच्या आधी’, ‘अमुकच्या नंतर’ असं लिहायची सोय आहे. शहाणी माणसं! पण आमच्या चुलत आजोबांचा जन्म मारबतीच्या दिवशीचा. म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. तिथी पक्की, साल कोणाला ठाऊक नाही. ‘सुमारे’ लावायलाही काहीतरी आकडा हवा ना! शेवटी तारखेशेजारी एक साधा मजकुराचा रकाना ठेवला आणि मोठी आई जे बोलली ते तसंच टाकलं. खरं सांगायचं तर सगळ्या डेटाबेसमध्ये वाचण्यासारखा रकाना तेवढा एकच.

तिची आणखी एक मागणी आहे : कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, तेही यात दिसलं पाहिजे, लग्नाच्या पत्रिका वाटताना कामी येतं. केलंय. अबोल्याच्या टेबलात ‘कधीपासून’ भरणं सक्तीचं आहे. ‘कधीपर्यंत’ रिकामं चालतं.