दार आतून उघडते का? घरातील यंत्रांच्या कड्या तपासतानाचा माझा अनुभव

फ्रिजचे किंवा वॉशिंग मशीनचे दार लहान मुलाला बाहेरून उघडता येऊ नये, ही एक गरज आहे. आणि मूल कसेही करून आत शिरलेच, तर तेच दार आतून नुसते ढकलून उघडावे, ही दुसरी. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कड्या आणि पट्ट्या पहिली गरज भागवतात. दुसरीविषयी मी विचारू लागलो, तेव्हा दुकानदारापासून कंपनीच्या प्रतिनिधीपर्यंत प्रत्येकाने मला पहिलीचेच उत्तर दिले.

मुलगी आणि जावई ऐरोलीला राहतात, दोघेही नोकरी करतात, आणि नातू साडेतीन वर्षांचा झाल्यापासून तो आठवड्यातील बरेच दिवस ठाण्यात सावरकरनगरला आमच्याकडे असतो. लपंडाव हा त्याचा मुख्य उद्योग आहे. माझी सारी नोकरी वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली असल्यामुळे, मोजता येणारी गोष्ट अंदाजावर सोडणे मला जमत नाही. म्हणून दोन्ही घरांतील आणि आमच्या सोसायटीतील, ज्यात मूल मावू शकेल असे प्रत्येक दार तपासायचे मी ठरवले.

तपासायचे म्हणजे नेमके काय, हे आधी वाचून घेतले. जुन्या फ्रिजच्या दाराला खटक्याची मूठ असे; दार लोटले की खटका आपोआप अडके आणि तो फक्त बाहेरूनच सुटे. दाराभोवतीच्या रबरामुळे हवा आत जात नाही आणि भिंतींमधील उष्णतारोधक थरामुळे आतला आवाज बाहेर फारसा पोहोचत नाही, म्हणून टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुले गुदमरून दगावत. अमेरिकेत यासाठी १९५६ साली कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ च्या अखेरपासून तेथे बनणाऱ्या घरगुती फ्रिजचे दार आतून उघडता येणे बंधनकारक झाले. पुढे खटक्याची जागा रबरात बसवलेल्या चुंबकीय पट्टीने घेतली, ती आज आपल्या घराघरांत आहे. आतून किती जोर लावल्यावर दार उघडावे, याचाही आकडा ठरलेला आहे. अमेरिकी नियमात तो १५ पौंड आहे, तर फ्रिजच्या आणि कपडे वाळवणाऱ्या ड्रायरच्या आंतरराष्ट्रीय मानकांत ७० न्यूटन. दोन्ही आकडे आपल्या हिशेबात साधारण सात किलोंच्या आसपास येतात, आणि हाच आकडा मी माझ्या तपासणीसाठी धरला.

नुसते ढकलून दार उघडण्यावरच इतका भर का, याचे उत्तर १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सापडले. दोन ते पाच वर्षांच्या २०१ मुलांना, सतत लक्ष ठेवून, फ्रिजसारख्या बनवलेल्या कप्प्यात थोडा वेळ बंद करून, ती सुटकेसाठी काय करतात हे त्यात पाहिले होते. सुमारे चोवीस टक्के मुलांनी बाहेर पडण्याचा प्रयत्न जवळजवळ केलाच नाही. जेथे ढकलणे हा योग्य उपाय होता, तेथे एकसष्ट टक्के मुलांनी ढकलले. पण हातात धरण्याजोगी मूठ समोर असली, तर चाळीस टक्के मुले ती दाराच्या गोल मुठीसारखी फिरवू पाहत होती. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती: पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांनी हाकही मारली नाही. "अडकला तर ओरडेलच की" हे वाक्य मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकले, आणि प्रत्येक वेळी मला ही ओळ आठवली.

स्वयंपाकघरातील फ्रिजला फार वेळ लागला नाही. प्रवासाचे सामान तोलण्याचा हुकाचा काटा घरात होताच. बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, दाराच्या साधारण मध्यावर तो अडकवून सावकाश ओढला आणि दार सुटताना काटा कोठे होता ते पाहिले. तो सात किलोंच्या बराच खाली होता. चुंबकाच्या दाराला खटका नसल्यामुळे बाहेरून ओढण्याचा आणि आतून ढकलण्याचा जोर सारखाच धरता येतो. मात्र दार नुकतेच बंद केले असेल, तर आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते आणि क्षणभर दार घट्ट ओढले जाते; तेव्हा काटा बराच वर जातो, म्हणून ते मापही घ्यावे. शिवाय वापरातील फ्रिजमध्ये जाळ्या आणि भाजीचा ट्रे असल्यामुळे मुलाला शिरायला जागाच नसते. आपल्याकडील विशेष अडचण किल्लीची आहे. कित्येक भारतीय फ्रिजना अजूनही कुलूप असते आणि किल्ली दारालाच लटकत राहते. चुंबकाचे दार आपोआप अडकत नाही, पण किल्ली फिरवणारे दुसरे मूल शेजारी असू शकते. ती किल्ली आता आमच्या कपाटाच्या वरच्या खणात असते.

खरा पेच ऐरोलीच्या वॉशिंग मशीनचा होता. ते समोरून कपडे घालायचे, मोठ्या ड्रमचे यंत्र आहे आणि कोरड्या गॅलरीत, जमिनीलगत ठेवलेले आहे. त्यावर चाइल्ड लॉक आहे, असे मुलीने मला विश्वासाने सांगितले. माहितीपुस्तिका वाचल्यावर कळले की ते चालू यंत्राची बटणे गोठवते. यंत्र धुण्याच्या कामात असताना दार विजेच्या कुलपाने बंद राहते आणि धुणे संपल्यावर मिनिट-दोन मिनिटांनी ते कुलूप सुटते. म्हणजे यंत्र बंद असते तेव्हा, दिवसाचे वीस-बावीस तास, दार कोणालाही उघडता येते. आणि ते लोटले की धातूचा आकडा खाचेत अडकतो, तो बाहेरची मूठ ओढल्याशिवाय सुटत नाही. आतून जोर लावल्यावर आकड्याची स्प्रिंग हार मानते की नाही, याबद्दल पुस्तिकेत एक शब्दही नव्हता. मुलांना ड्रमजवळ जाऊ देऊ नये, एवढाच इशारा होता.

हे बाहेरून मोजायला मी एक युक्ती केली. प्लग काढला, नळ बंद केला, दाराच्या आकड्याकडील कडेवरून एक चपटी, मजबूत नायलॉनची पट्टी आतून वळवून घेतली आणि तिची दोन्ही टोके बाहेर ठेवून दार लावले. मुठीला हात न लावता त्या टोकांना काटा अडकवून ओढले, की आतून ढकलल्यासारखाच जोर आकड्यावर येतो. काटा सात किलोंच्या पुढे गेला, दहांच्याही पुढे गेला, तरी दार हलले नाही. आकडा तुटेल या भीतीने जावयांनी मला थांबवले, आणि त्यांचे बरोबर होते. मला हवे ते उत्तर मिळाले होते.

त्यानंतर ग्राहक सेवा केंद्राशी बोलणे सुरू झाले. यंत्र बंद असताना दार आतून ढकलून उघडते का, असा माझा एका वाक्याचा प्रश्न होता. दर वेळी नव्या व्यक्तीने मला चाइल्ड लॉक कसे लावायचे ते समजावले. तंत्रज्ञ घरी आला, तो भला मुलगा होता. "काका, आजपर्यंत हे कोणी विचारलंच नाही," असे म्हणून त्याने दार तीन-चारदा उघडून लावून दाखवले आणि दार उत्तम स्थितीत असल्याची नोंद करून गेला. अखेर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ती नोंदवताना बिघाडाची तक्रार केली नाही, तर सुरक्षेविषयीची माहिती लेखी मिळत नाही, असे स्पष्ट लिहिले. याचा उपयोग झाला आणि कंपनीचे लेखी उत्तर आले: या मॉडेलमध्ये आतून दार उघडण्याची सोय नाही. माझ्या मते हे वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असायला हवे होते. परदेशात याहून पुढे गोष्टी गेल्या आहेत. दक्षिण कोरियात एका मुलाच्या मृत्यूनंतर, २०१० साली, एका मोठ्या उत्पादकाने दहा लाखांहून अधिक ड्रम मशीनच्या दाराच्या कड्या स्वतःहून बदलून दिल्या होत्या.

आमची कडी कोणी बदलून देणार नव्हते, तेव्हा बाहेरून अटकाव करणे एवढेच हाती उरले. त्यातही एक अडचण होती. समोरून कपडे घालायच्या यंत्राचे दार धुण्यानंतर थोडे उघडे ठेवावे लागते, नाहीतर पावसाळ्यात आतल्या रबराला बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास येतो. दार पूर्ण बंद ठेवणारी पट्टी लावली, की घरातील मोठी माणसेच ती दुसऱ्या आठवड्यात काढून ठेवतात. म्हणून दोन-तीन बोटांची फट ठेवून दार अडकवणारी, लांबी कमी-जास्त करता येणारी पट्टी आम्ही निवडली. अशा स्थितीत हवा खेळती राहते, आकडा खाचेत बसत नाही आणि मुलाचे डोकेही फटीतून जात नाही. पट्टीचे बटण दोन हातांनी दाबावे लागते. ती चिकटवण्यापूर्वी यंत्राचा पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा केला आणि पूर्ण दिवसभर तिला ओढ दिली नाही. तरीही जुलैच्या दमट हवेत एका बाजूचा डबल साइड टेप सुटू लागला, म्हणून टेप दर ऋतूला बदलायचा, असे ठरले आहे. भरवशाचा अडसर मात्र वेगळा आहे: कोरड्या गॅलरीच्या दाराला, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर बसवलेली साधी लोखंडी कडी.

सर्वांत जास्त वेळ आमच्या सोसायटीने घेतला. तळमजल्यावर, मीटरच्या खोलीशेजारी, खटक्याच्या मुठीचा एक जुना फ्रिज आणि बंद पडलेला एक आडवा डीप फ्रीझर कित्येक वर्षे उभे होते. फ्रिज पुण्याला राहायला गेलेल्या एका सभासदांचा; त्यातील जाळ्या कोणीतरी केव्हाच नेल्या होत्या आणि आत वॉचमनच्या पिशव्या असत. फ्रीझरच्या कुलपात किल्ली गंजून बसलेली. संध्याकाळी मुले तेथेच खेळतात. सचिवांचे म्हणणे असे की दोन्हींना कुलूप घालू. मी म्हटले, कुलूप लावायचे कोणाला तरी रोज आठवावे लागते, आणि पिशवी काढायला वॉचमनने ते उघडले की त्या पाच मिनिटांत फ्रिज पुन्हा पूर्वीसारखाच होतो. फ्रिजच्या जुन्या माहितीपत्रकांत टाकून देण्यापूर्वीची सूचना स्पष्ट असते: दारे काढून टाका आणि मुलांना आत सहज चढता येऊ नये म्हणून जाळ्या तशाच राहू द्या. जाळ्या गेल्याच होत्या, दार आमच्या हातात होते.

पुण्याहून उत्तर आले, "राहू द्या, फ्रिज चांगला आहे, कामाला येईल." मग मी त्यांना असे सुचवले की दार सुटे करून स्क्रूंसह त्यांच्याच बंद फ्लॅटमध्ये ठेवू, हवे तेव्हा पुन्हा बसवता येईल. याला ते नाही म्हणू शकले नाहीत. गंजलेल्या बिजागऱ्यांवर रात्रभर तेल सोडले, सकाळी दोघांनी दार धरले आणि तिसऱ्याने पान्याने वरची बिजागरी सोडवली. दार दिसते त्यापेक्षा बरेच जड असते, हे काम एकट्याने करू नये. फ्रीझरचे झाकण त्याच दिवशी काढले आणि कुलपाचा खटका ठोकून बाहेर पाडला.

पुढचा वाद पैशांचा होता. भंगारवाला फ्रीझरला चांगला भाव देत होता, कारण त्याला कॉम्प्रेसर आणि तांब्याच्या नळ्या हव्या होत्या, आणि नळ्या तो आवारातच तोडणार होता; म्हणजे आतला वायू सरळ हवेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही येतात आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवेत, हे मी सभेत वाचून दाखवले. खजिनदार नाराज झाले, पण ठराव झाला. नोंदणीकृत संस्थेची गाडी आली, तिने भंगारवाल्यापेक्षा कमी रक्कम दिली आणि पावती दिली. पुण्याच्या सभासदांनीही नंतर आपला फ्रिज त्याच संस्थेला देण्याचे कळवले, त्यांच्या फ्लॅटमधील दारासह.

मुलीचे यंत्र आणखी काही वर्षे चालेल. नवे घेताना मात्र दुकानातच ती नायलॉनची पट्टी आणि काटा लावून पाहायचे, असे मी तिला सांगितले आहे. नौपाड्यातील एका दुकानदाराला विचारले, तेव्हा तो आधी हसला. मग नमुन्याच्या यंत्रावर करून पाहायला त्याने हरकत घेतली नाही, आणि एका मॉडेलचे दार साडेसहा किलोंवर उघडले.