विहीर, विहिरीपाशी आणि आमचा रविवारचा खेळ

गेली काही वर्षे आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन मिळून कथा रचण्याचा खेळ, खेळत आलो आहोत, आणि हा खेळ चालवण्याची, म्हणजे डंजन मास्टरची, जबाबदारी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला तेव्हा कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर तो चालत असे, आणि एका खोलीत बसलेल्या माणसांना आजही तेवढेच पुरते असे माझे प्रामाणिक मत आहे. आमची खोली मात्र एक राहिली नाही. आमच्यातला एक मित्र नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, माझा मावसभाऊ शिकायला पुण्याला गेला, आणि ज्या पडद्यांना मी खेळापासून इतकी वर्षे दूर ठेवले होते त्यांच्याकडे मला नीट लक्ष देऊन पाहावे लागले.

सुरुवात आम्ही रोल ट्वेंटीवर केली. २०१२ पासून चालत असलेले हे व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे पडद्यावरचे खेळाचे टेबल, ब्राउझरमध्ये उघडते, फुकटच्या खात्यात नकाशा, टोकने (पात्रांच्या सोंगट्या), फासे आणि कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा तक्ता) मिळतात, आणि खेळाडूंना लिंक पाठवली की काम झाले. नव्याने खेळू पाहणाऱ्या गटाला मी आजही तेच सुचवते. ज्यांना फक्त एक नकाशा आणि त्यावर सरकणारी टोकने हवी असतील त्यांना त्याहून हलके असे आऊलबेअर रोडिओ पुरेल. आवाजासाठी डिस्कॉर्ड आहेच. आम्ही पुढे फाउंड्रीकडे वळलो याची कारणे दोन होती: अंधार आणि मराठी.

फाउंड्री हेही असेच व्हर्च्युअल टेबलटॉप, २०२० साली आलेले. ते दरमहा पैसे भरून वापरायचे नसून एकदाच विकत घ्यायचे असते, तेही फक्त खेळ चालवणाऱ्याने. बाकीचे सगळे आपापल्या ब्राउझरमधून त्याच्या संगणकाला जोडले जातात. हे ऐकायला सोपे वाटते, पण माझ्या घरच्या ब्रॉडबँडवर ते पहिल्या रविवारी चाललेच नाही. राउटरमध्ये ३०००० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठीचे दार, उघडले, फायरवॉल तपासली, तरी पुण्याहून आणि बेंगळुरूहून कोणालाही आत येता येईना, आणि तीन तास असेच गेले. कारण नंतर समजले. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेल्या विनंतीला नेमके आपले घर सापडू शकत नाही, आणि आपण आपल्या राउटरचे दार कितीही उघडले तरी त्याच्या पलीकडचे, इंटरनेट कंपनीचे दार आपल्या हातात नसते. यावरचा उपाय असा की जोडणी आपल्या संगणकाने आतून बाहेर सुरू करायची. मी त्यासाठी क्लाउडफ्लेअरचे टनेल वापरते आणि तेव्हापासून तक्रार नाही. उलट सगळे सणासुदीला कोल्हापुरात जमतात तेव्हा इंटरनेटची गरजच पडत नाही. घरच्या वाय-फायवर सगळे एकमेकांना जोडलेले असतात, आणि ऐन पावसात वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आणि इन्व्हर्टरवरचा राउटर यांच्या भरवशावर आम्ही लढाई पुरी केलेली आहे. एक बारीकशी सूचना इथेच देऊन ठेवते: नकाशाचे चित्र वेबपी स्वरूपात बदलून घ्यावे. माझा ३८ एमबीचा पीएनजी नकाशा त्यामुळे ४ एमबीवर आला आणि पुण्याच्या होस्टेलच्या नेटवरही उघडू लागला.

आता अंधाराविषयी. आमच्या कथेतला किल्ला मी पन्हाळ्यावरून बेतला आहे, आणि पन्हाळ्यावरची अंधारबाव ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी ती का निवडली हे सांगावे लागणार नाही. काळ्या दगडाची तीन मजली वास्तू, तळाला विहीर, मधल्या मजल्यावर पहारेकऱ्यांना उभे राहण्याच्या जागा आणि किल्ल्याबाहेर निसटण्याची छुपी वाट. मी एका सकाळी जाऊन पावलांनी मोजमाप घेतले, आलेख कागदावर पाच फुटांचा एक चौकोन धरून तिन्ही मजले काढले, स्कॅन केले आणि फाउंड्रीत तीन स्वतंत्र दृश्ये केली. त्यानंतरचे काम चिकाटीचे होते, कारण नकाशाच्या चित्रावर प्रत्येक भिंत माउसने रेघ ओढून वेगळी दाखवावी लागते. अशी रेघ असेल तरच प्रोग्रामला कळते की इथे नजर अडते, इथे पाऊल अडते. दारे वेगळी, खिडक्या वेगळ्या, आणि छुप्या वाटेसाठी गुप्त दार, ज्याची खूण फक्त खेळ चालवणाऱ्याच्या पडद्यावर दिसते. एका मजल्याला मला दोन संध्याकाळी लागल्या.

या श्रमाचे चीज कसे झाले ते सांगते. आम्ही खेळतो त्या २०१४ सालच्या नियमांप्रमाणे मशालीचा लख्ख उजेड वीस फुटांपर्यंत आणि त्यापुढे आणखी वीस फूट मंद उजेड पडतो. मशाल मावसभावाच्या पात्राच्या हातात होती. बेंगळुरूचा मित्र ड्वॉर्फ, म्हणजे बुटक्या, दणकट अशा काल्पनिक जमातीचे पात्र, खेळतो आणि ड्वॉर्फला साठ फुटांपर्यंत काळोखातही दिसते, फक्त रंग दिसत नाहीत. मधल्या मजल्यावर पोचल्यावर त्याने पडद्यावर टोकन दोन चौकोन पुढे सरकवले आणि तो एकदम गप्प झाला. मग हळू आवाजात म्हणाला, "सगळे थांबा. समोर कुणीतरी उभं आहे." मावसभाऊ म्हणाला, "ताई, मला तर नुसता काळोख दिसतोय की!" दोघेही खरे सांगत होते, कारण फाउंड्री प्रत्येकाला त्याच्या टोकनला जेवढे दिसते तेवढेच दाखवते. पुढची पाच-सात मिनिटे बाकीच्या तिघांनी सगळे निर्णय त्या एकट्याच्या वर्णनावर घेतले. उंची किती, हातात काय आहे, हालते आहे का, असे प्रश्न विचारत आणि त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवत ते पुढे सरकले. नकाशा डोळ्यांसमोर असूनही एकमेकांशी बोलल्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण याच्या अगदी उलट अनुभव त्याआधी आम्ही घेतला होता. घरी सगळे जमले असताना एकदा टीव्ही आडवा टेबलावर ठेवून त्यावर नकाशा दाखवला. दिसायला सुंदर होते, पण पाचही जण टीव्हीकडे पाहत बसले. खोलीत वास कसला येतो, भिंतीला ओल आहे का, हे कोणीच विचारेना, कारण जे दिसत नाही ते नाहीच असे त्यांनी नकळत धरून टाकले. शिवाय एका पडद्यावर सगळ्यांची नजर एकत्र झाली की कोणाला काय दिसते हा प्रश्नच उरत नाही. तेव्हापासून घरच्या बैठकीत मी नकाशा फक्त लढाईच्या वेळी, कोण कुठे उभे आहे हे ठरवण्यासाठी उघडते आणि लढाई संपली की बंद करते.

दुसरे कारण मराठी. आम्ही बोलतो मराठीत, पण पडद्यावरचा शब्द न् शब्द इंग्रजी, आणि त्यामुळे ऐन रंगात आलेला प्रसंग एखाद्या शब्दापाशी अडखळत असे. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा चारशे पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय दिले की त्याचे भाषांतर करायला कोणाचीही आडकाठी नाही. फाउंड्रीत भाषेची फाइल अगदी साधी असते: डावीकडे ठरलेली इंग्रजी खूण, उजवीकडे आपल्याला पडद्यावर हवा तो शब्द. मी पात्रांच्या अवस्थांपासून सुरुवात केली. थकव्यासह त्या पंधरा आहेत.

ग्रॅपल्ड आणि रिस्ट्रेन्ड या दोन शब्दांपाशी मी अडले. दोन्हींना मी "पकडलेला" असे लिहिले होते. आमच्यातला एक जण मंगळवार पेठेतला आहे आणि शाळेत असताना पहाटे तालमीत जात असे. तो म्हणाला, "अगं, पकड बसली म्हणजे गडी हरला असं नव्हे. पकडीत असूनसुद्धा तो डाव टाकतो. हातपाय जखडले की मग खरं." मी नियम पुन्हा वाचले आणि त्याचे म्हणणे तंतोतंत बसले. पहिल्या अवस्थेत पात्राला जागेवरून हलता येत नाही, पण त्याचे वार पूर्वीसारखेच चालतात. दुसऱ्या अवस्थेत हलता तर येत नाहीच, शिवाय त्याचे वार कमजोर पडतात आणि त्याच्यावरचे वार सोपे होतात. आता आमच्या पडद्यावर एक "पकडीत" आणि दुसरा "जखडलेला" असे येते, आणि या दोहोंतला फरक त्यानंतर कोणालाही समजावून सांगावा लागलेला नाही.

पात्रे तयार करण्यासाठी डी अँड डी बियाँड आणि नकाशे रंगवण्यासाठी इन्कार्नेट आम्ही अधूनमधून वापरतो. दोन्ही चांगली आहेत आणि दोन्हींविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे. ज्या साधनाविना माझे पान हलत नाही ते आहे टिपणांचे, म्हणजे ऑब्सिडियन. ते आपली टिपणे आपल्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये ठेवते, आणि दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिले की त्या नावाच्या टिपणाशी दुवा जोडला जातो. खेळ चालवणाऱ्याला सर्वांत जास्त मदत लागते ती आठवणीची, कारण खेळाडू काहीही विसरत नाहीत.

फक्त मराठीत एक अडचण येते, जी इंग्रजीत टिपणे ठेवणाऱ्यांना सहसा जाणवणार नाही. आपली नामे सामान्यरूपात बदलतात. "पन्हाळा" या नावाचे टिपण असते, पण वाक्यात येते "पन्हाळ्यावर", आणि दुवा जुळत नाही. त्यासाठी कंसात मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यातले रूप असे लिहावे लागते, किंवा टिपणाच्या माथ्यावर पर्यायी नावे नोंदवून ठेवावी लागतात. शोधताना तर याहून सावध राहावे लागते. गेल्या महिन्यात मावसभावाने विचारले, "ताई, त्या म्हातारीला आपण शब्द दिला होता, त्याचं काय झालं?" मला काहीच आठवेना. "विहीर" असा शोध घेतला तर काहीच निघाले नाही, कारण मी लिहिले होते "विहिरीपाशी", आणि दीर्घ "ही"चा ऱ्हस्व "हि" झाला की यंत्राच्या लेखी तो वेगळाच शब्द असतो. मग शब्द जिथपर्यंत बदलत नाही तिथपर्यंतच, म्हणजे फक्त "विह" एवढेच, टाइप केले आणि अकराव्या बैठकीचे टिपण समोर आले: "म्हातारी विहिरीपाशी बसून आहे. मुलाची कळशी आणून देऊ असे सर्वांनी कबूल केले."

त्या टिपणानंतर आमच्या चाळीसहून अधिक बैठका झाल्या आहेत. काल रात्री मी अंधारबावीच्या तळमजल्याच्या दृश्यात पाण्याच्या कडेला तिचे टोकन ठेवले, शेजारी पाच फुटांचा मंद उजेड पडेल असा एक दिवा लावला आणि रविवारची वाट पाहत दृश्य बंद केले.